फोडायची काठी

लाकूडकामाच्या कारखान्यात तिला सगळे लेथवाली म्हणत. खुर्चीचे पाय, पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याच्या दांड्या, जे जे गोल असेल ते तिच्या हाताखालून जायचं. नवरा चष्मेवाला. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं एवढंसं दुकान. हात नाजूक, नजर बारीक आणि जीभ मात्र तिखट. संध्याकाळी दुकानाला कुलूप लागलं की स्वारी थेट पूल खेळायच्या हॉलमध्ये. दुसरं व्यसन नव्हतं, म्हणून लेथवालीने हे एक गोड मानून घेतलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिने कारखान्यातल्या उरल्यासुरल्या चांगल्या लाकडातून त्याच्यासाठी खेळायची काठी घडवली. हॉलमधले तिला क्यू म्हणत, हे दोघं काठीच म्हणत. सरळ, गुळगुळीत, टोकाकडे निमुळती होत गेलेली. तेव्हापासून त्याने दुसऱ्या काठीला हात लावला नाही, आणि घोळ इथेच होता. पूलमध्ये पहिला फटका दांडगाईचा. त्रिकोणात घट्ट मांडलेले बॉल एका तडाख्यात फोडायचे. पुढचे सगळे फटके अलवार. चष्मेवाला दोन्ही कामं त्या एकाच काठीने करायचा, आणि टोकावरची चामड्याची टिप चपटी करून घरी आणायचा. ती बदलायचं काम अर्थातच घरच्या कारागिराकडे.

"फोडायला वेगळी ठेवा की," ती म्हणायची. "भाजीच्या सुरीने कुणी डब्याची झाकणं उचकटतं का?"

"मला घरात सवत नको."

"सवत तुमची कशी होईल? झालीच तर माझी होईल."

"म्हणून तर आणत नाही," तो म्हणायचा, आणि वर हसायचा.

शेवटी तिने स्वतःच दुसरी घडवली. जाडजूड, वजनदार, टोकाला टणक टिप. चष्मेवाल्याने ती हातात तोलून पाहिली, तिचं नाव खरंच 'सवत' ठेवलं आणि दाराआड उभी केली. पुढे मुलगी झाली, ती लग्न होऊन दूर गेली, तरी सवत तिथेच होती. कोळिष्टकं काढायला तेवढी उपयोगी पडायची. दोघंही हट्टी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

मग एके दिवशी चष्म्याचा बारीकसा स्क्रू बसवता बसवता त्याचा उजवा हात गळाला. उपचार झाले, व्यायाम झाले, हात थोडाफार परत आला. पेला उचलायचा, बटण लावायचा. जोर मात्र गेला तो गेलाच. बरं वाटायला लागल्यावर तो हौसेने हॉलमध्ये गेला, वाकला आणि बॉल फोडायला म्हणून फटका मारला. पांढरा बॉल रखडत गेला आणि बाकीच्यांना नुसता टेकला. एकही बॉल जागचा हलला नाही. नेहमीचा जोडीदार बेकरीवाला चांगल्या मनाने म्हणाला, "राहू दे, मी फोडतो तुझ्यासाठी." चष्मेवाल्याने काठी उचलली आणि घरी आला.

त्यानंतर तो खिडकीशी बसून राहायला लागला. दुकान बंदच होतं. विचारलं तर हो, नाही, आणि मग तेही नाही. लेथवालीला धास्ती बसली. हात गेला ते तिने सोसलं होतं. आता माणूसच हातचा चालला होता.

एका संध्याकाळी तिने त्याच्या पायात चपला सरकवल्या, दोन्ही काठ्या काखोटीला मारल्या आणि त्याला हॉलमध्ये नेऊन उभं केलं.

"फोडणार मी," तिने हॉलच्या मालकाला सांगितलं. "पुढचं सगळं हे खेळतील."

"वहिनी, जो फोडतो त्यानेच खेळायचं असतं," बेकरीवाला चाचरत म्हणाला.

मालक गल्ल्यामागून म्हणाला, "फोडायला वेगळी काठी चालते ना? मग वहिनींना त्याची काठी समज आणि गप खेळ."

यावर चष्मेवाला हसला. कितीतरी दिवसांनी हसला. लेथवालीने सवत उचलली. आयुष्यभर लेथवर लाकूड दाबून धरलेले दंड ते. असा तडाखा बसला की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

"अगं, बॉल फोडायचेत, भिंत नाही," तो म्हणाला. जीभ परत आली होती.

मग ते रोजचंच झालं. ती फोडायची आणि बाजूला उभी राहायची. तो हळूहळू, नेम धरून, एकेक बॉल टेबलाच्या कडेच्या पॉकेटात घालायचा. जिंकायचा कमी, हरायचा जास्त, पण घरी येताना वाटभर बडबडायचा. अशी दोन वर्षं मिळाली. तिला ती पुरली नाहीत. एका सकाळी ती चहा घेऊन गेली, तर तो उठलाच नाही.

बऱ्याच दिवसांनी ती हॉलमध्ये गेली, तिथे राहिलेल्या दोन्ही काठ्या घरी न्यायला. सगळे उभे राहिले. मालकाने सवयीने त्रिकोण मांडला, आणि मांडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो ओशाळला. "आता मांडलाच आहे तर फोडते," ती म्हणाली.

तिने फोडला. नेहमीसारखाच. दोन बॉल पॉकेटात गेले.

"बॉल गेले, वहिनी. पाळी तुमचीच," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने चष्मेवाल्याची काठी तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. तो वाकायचा तशी वाकली, पांढऱ्या बॉलकडे बघत राहिली आणि पुन्हा सरळ झाली.

"मला पुढचं येत नाही."

"रोज तर बघत होतात की समोर उभ्या राहून."

"खेळ कुठे बघत होते, भाऊजी?" ती म्हणाली. "मी त्यांचा हात बघत होते. थरथरतोय का, तेवढंच."

टेबलभर बॉल पसरले होते, आणि ते गोळा करायला कुणी पुढे झालं नाही.