दारापाशी किती मोजायचं

आमची आत्या निवृत्त झाली तेव्हा ऑफिसनं तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि तिची वही परत केली. घड्याळ तिनं आठवड्याच्या आत कुणाला तरी देऊन टाकलं. वही मात्र कपाटाच्या वरच्या खणात गेली.

एकतीस वर्षं आत्या घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायची. मग मीटर आपापले आकडे आपणच कळवायला लागले आणि जिने चढणारं माणूस कुणाला नको झालं. "ही वही नव्या लोकांना द्या," असं तिनं साहेबांना सांगितलं. साहेब वहीकडे न बघता म्हणाले, "राहू द्या तुम्हालाच, आठवण म्हणून." आत्याला नोकरीत चार कुत्रे चावले, पण ते वाक्य तिला त्या चौघांपेक्षा जास्त लागलं.

वहीत आकडे नव्हतेच, दारं होती. 'पिवळं घर. बेल बंद. स्वयंपाकघराची खिडकी वाजवणे. साठ मोजणे.' 'सुताराच्या वर. कुत्रा भुंकतो, चावत नाही. मालकाचा भरवसा नाही.' साठ मोजणे म्हणजे आतलं माणूस उठून दारापर्यंत यायला लागणारा वेळ. हल्ली घरोघर औषधं पोचवणारे वीससुद्धा मोजत नाहीत, 'घर बंद' असा शेरा मारून चालते होतात, याचा तिला भयंकर राग. "आत कुणीतरी भिंत धरून येत असतं, आणि हे जिना उतरलेले असतात!" ही वही कुणाच्या तरी हातात पडल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

नकाशाचं खूळ तिच्या डोक्यात मीच घातलं, त्याची शिक्षा अजून भोगतेय. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. आमची औषधं पोचवणारे फोनवर जो नकाशा वापरतात, तो कुठल्या कंपनीचा नाही. जगभरातली हौशी माणसं तो फुकट बनवतात, त्याचं सॉफ्टवेअरही सगळ्यांना उघडं. चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करावी. हे मी आत्याला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे सार्वजनिक नळ." मी म्हटलं, साधारण तसंच. भांडणंही नळावरच्यासारखीच असतात, हे मला पुढे कळलं.

तिथे प्रत्येकजण टोपणनाव घेतो. आत्यानं 'चौथा मजला' घेतलं. पहिल्याच महिन्यात तिनं सॉफ्टवेअरमधल्या बावीस चुका कळवल्या. त्यातली एक अशी, की बटण इतकं बारीक आहे की चष्मा लावला तर ते बोटाखाली झाकतं आणि काढला तर दिसतच नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका मुलीनं खरंच बटण मोठं केलं, आणि नव्या आवृत्तीच्या टिपणात 'चौथा मजला यांचे आभार' असं छापून आलं. आत्यानं मला त्याची प्रत काढायला लावली, तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि पाच निवृत्त सहकाऱ्यांना बोलावून दाखवला. ते पाचही जण त्याच दिवशी सभासद झाले, म्हणजे त्यांना व्हावंच लागलं.

मग तिनं वही काढली. नकाशावर प्रत्येक दारासाठी दोन रकाने हवेत, अशी मागणी केली: दार कसं वाजवायचं आणि किती मोजायचं.

झालं, चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं. आठ महिने, एकशे त्रेचाळीस निरोप. सगळ्यात आडवा आला 'जुना कंपास'. सॉफ्टवेअरमध्ये काय जाईल यावर शेवटचा शब्द त्याचा. नाकानं कांदे सोलणारा माणूस. त्याचं म्हणणं एकच, नकाशा दारापर्यंत, त्यापुढचं आमचं काम नाही.

"त्याला विचार," आत्या म्हणाली, "दारापाशी नेऊन सोडायचं आणि पळून जायचं, ह्याला काय वाट दाखवणं म्हणतात? उंटावरून शेळ्या हाकतोय नुसता. कधी घराबाहेर पडलायस का म्हणावं."

भाषांतर माझ्याकडे होतं. मी लिहिलं, 'आपला प्रत्यक्ष अनुभव जाणून घ्यायला आवडेल.'

त्यानं उत्तर दिलं, की चोरही नकाशा बघतात. दाराबद्दल लिहा, माणसाबद्दल एक अक्षर नको, आणि तेही घरच्यांना विचारून. "एवढं मात्र खरं बोलला मेला," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून परवानगी मागत दारोदार फिरायला लागली.

एक्केचाळीस दारांपैकी अडतीस हो म्हणाले. एका म्हाताऱ्या घड्याळजींना त्यांचा आकडा ऐकून अपमान वाटला. "चाळीस? मी पंचविसात येतो!" त्यांनी आत्याला बाहेर काढलं, दार लावलं, आत जाऊन खुर्चीत बसले आणि ओरडले, "वाजवा!" बावन्न झाले. आत्यानं बावन्न लिहिले. आठवडाभर ते तिच्याशी बोलले नाहीत.

बटणवाल्या मुलीनं दोन्ही रकाने बनवले. राहिली कंपासची मंजुरी. तीन आठवडे त्याचा पत्ता नाही. रोज सकाळी आत्याचा फोन, "आला का गं काही निरोप?" 'नाही' म्हणायचा मलाच कंटाळा आला. आता वही कायमची कपाटात जाणार, असं तिनं धरून चालायला सुरुवात केली होती, आणि तिला तसं खचलेलं बघून मला फार वाईट वाटायचं.

मग एका रविवारी, मी तिच्याकडे चहाला गेले असताना, मंजुरी आली. सोबत ना शब्द ना स्पष्टीकरण. नव्या रकान्यांत पहिली नोंदही झाली होती, पण ती आमची नव्हती. कंपासच्या गावातलं एक घर होतं, नोंद त्यानंच केलेली. मी वाचून दाखवली. 'बेल नको. मागच्या खिडकीवर टकटक करा. दोनशे मोजा. आई आहे, येते.'

"माणसाबद्दल एक अक्षर नको म्हणणारा हाच ना?" आत्या म्हणाली. मग तिनं कप खाली ठेवला. "किती म्हणालीस?"

"दोनशे."

तिच्या अख्ख्या वहीत नव्वदच्या वर आकडा नव्हता. ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली आणि मोजायला लागली. मी काही बोलणार तर तिनं हात वर केला. साठ झाले, नव्वद झाले. माझा चहा निवून गेला. दोनशे हे इतके लांब असतात याची मला कल्पना नव्हती. दीडशेच्या आसपास मला रडू यायला लागलं. आत्या मोजतच होती, एकही आकडा न गाळता.

दोनशे झाल्यावर ती वळली.

"लिही त्याला," ती म्हणाली, "आईला सांग, सावकाश या. आम्ही उभे आहोत."