कोण कुठे गेलं

मालकांना आमच्या मासिकाचा इतिहास हवा होता. वर्धापनदिनाच्या अंकासाठी, "जरा भावूक लिही" अशा सूचनेसह. माझा एक परिच्छेद पुढे सरकत नव्हता. उठायचं, चहा घ्यायचा, खाली टेम्पोवाल्यांची भांडणं ऐकायची आणि परत येऊन बसायचं.

इतिहास तसा सोपा होता. खासगी एफएम आलं तेव्हा कॅसेटच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या आमच्या मालकांनी साकीनाक्याला एका पोटमाळ्यावर हे मासिक काढलं. वाचक म्हणजे फक्त रेडिओवाले. कुठल्या स्टेशनवर कुठलं गाणं जास्त वाजतंय, कोणाच्या जाहिराती वाढल्या, असल्या बातम्या. बाकी जगाला त्याच्याशी काडीचं घेणंदेणं नाही. पुढे कागद परवडेना. आता ते दर शुक्रवारी ईमेलने जातं, तरी आम्ही त्याला मासिकच म्हणतो.

वाचलं जातं ते शेवटचं पान, 'कोण कुठे गेलं'. ते पहिल्यापासून मी लिहिते. रेडिओत एक दुष्ट रिवाज आहे. आरजेला काढायचं असेल तर आधी सांगत नाहीत, माइकवर काही बोलून बसला तर? शो संपला की एचआरवाले दाराशी उभे असतात, ओळखपत्र तिथेच काढून घेतात. ऐकणाऱ्यांचा निरोप घ्यायला मिळत नाही. मग त्याच्या जाण्याची नोंद होते ती माझ्या पानावर. मला या रिवाजाची चीड येते, आणि माझं पान चालतं तेही त्याच्याच जिवावर.

त्या गुरुवारी इतिहासाशी झटापट चालू असतानाच एका स्टेशनचा मेल आला. संध्याकाळचा शो बंद, सोमवारपासून त्या वेळेत सलग गाणी, बातमी उद्यापर्यंत गुप्त ठेवावी. शो माझ्या मैत्रिणीचा होता. मुलुंडला आम्ही एका कॉलेजात होतो. शुक्रवार ते रविवार तिचा शो नसायचा, म्हणजे आजचा शो शेवटचा. हे मला कळलं होतं आणि तिला नाही.

मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. मेल मालकांनीही वाचला होता, त्यांनी ओळखलं.

"तू फोन केलास ना, तर आपली वाट लागली. उद्यापासून कोण बातम्या देणार आपल्याला? तुलाही ठेवता येणार नाही मग."

"माहितीय," म्हटलं आणि फोन घेऊन जिन्यात गेले.

"आजचा शेवटचा आहे गं," मी तिला सांगितलं. "शो झाल्यावर सांगणार आहेत तुला."

ती म्हणाली, "बरं. ठेवते, आत जायचंय."

मी जिन्यातच बसून कानात इअरफोन घालून शो ऐकला. तिने अंधेरीच्या ट्रॅफिकची टर उडवली. विक्रोळीच्या एका आजोबांशी गुडघेदुखीवर गप्पा मारल्या. कांदिवलीच्या कुणा पोरीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. प्रत्येक गाणं संपताना मी सरसावून बसत होते, आता बोलेल, आता तरी. शो रोजच्यासारखा संपला. निरोपाचा एक शब्द नाही. माझं डोकंच फिरलं.

थोड्या वेळाने तिचा रिक्षातून फोन आला. ओळखपत्र जमा करून ती निघाली होती.

"का नाही बोललीस?" मी ओरडलेच. "मी नोकरी पणाला लावली यार तुझ्यासाठी!"

"ओरडू नकोस. सोमवारपासून मला काम मागत फिरायचंय. सगळे साहेब तुझंच पान वाचतात ना? मागे त्या सकाळच्या शोवाल्याला आधीच कुणकुण लागली आणि तो माइकवर रडला, ते काय झकास रंगवून छापलं होतंस तू. त्याला परत घेतला कोणी?"

मी पायरीवरून उठले.

"माझ्याबद्दल एवढंच लिही," ती म्हणाली, "शेवटपर्यंत अगदी शांत होती म्हणून. दुसरीकडे उपयोगी पडेल."

हे सांगताना ती हुंदके देत होती. मधेच रिक्षावाल्याने "मॅडम, पानी दूँ क्या?" असं विचारल्याचंही मला ऐकू आलं. मी वर आले आणि शेवटच्या पानावर लिहिलं, शेवटपर्यंत अगदी शांत होती.