झाकणाची टोपली

टोपली जागेवर नव्हती. कोपऱ्यात जिथं ठेवली होती तिथं नुसती जमीन, कामट्यांचा कचरा, आणि माझ्या लुगड्याचा तुकडा, पोरीला गरम होईल म्हणून मी बाजूला टाकलेला. मी म्हटलं कोणी मागं सरकवली असेल. मागं पण नाय. एक पण टोपली नाय. सगळी शेड रिकामी, मागचं दार उघडं, आणि बाहेर ओल्या मातीत टेम्पोच्या चाकांचे वळ.

माझी पोर त्या टोपलीत होती.

मी मागच्या दाराकडं धावले, टेम्पो दिसत नव्हता.

आधीचं सांगते, नाय तर तुम्ही म्हणाल ही कसली आई. आम्ही बाया बांबूच्या टोपल्या विणायचो. मोखाड्याकडं, पोशेऱ्याच्या पुढं रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड. माल जायचा परदेशात. तिकडं म्हणे माणसं धुवायचे कपडे टोपलीत टाकून ठेवतात, वरून झाकण लावतात. मोठी टोपली, तिच्या पोटात मधली, मधलीच्या पोटात लहान, वर झाकण, आणि सुतळीने आवळून बांधायचं. असा जोड व्हायचा.

त्या मालावर एक गोल बिल्ला लागायचा. त्याचा अर्थ आमची ताई सांगायची. ताई म्हणजे आमच्या गटाची, शेड चालवणारी. ती सांगायची, हा बिल्ला बघून तिकडचा माणूस समजतो की विणणाऱ्या बाईला बरोबर दाम मिळाला, मधल्यांनी खाल्ला नाय, आणि या कामाला लहान पोर जुंपलं नाय. बिल्ला नव्हता तेव्हा जव्हारच्या बाजारात व्यापारी आमची टोपली पायाने ढकलून भाव करायचा. पायाने. बिल्ला आल्यापासून कोणी पाय लावला नाय. म्हणून आम्ही बिल्ल्याला जपायचो.

पण त्याचा एक नियम होता. शेडमध्ये मूल दिसता कामा नये. काम करताना नाय आणि नुसतं पण नाय.

आता माझी अंगावर पिणारी. नवरा ठाण्याला साईटवर, सासू दुसऱ्याच्या शेतावर. पोर ठेवू कोणाजवळ? सगळ्यांचंच तसं. म्हणून शेडच्या वाशाला आमच्या झोळ्या असायच्या, एका हाताने विणायचं, एका पायाने दोरी ओढायची. आणि तिकडची माणसं तपासायला येणार त्या दिवशी झोळ्या सोडायच्या, चालती पोरं एका म्हातारीसोबत नदीवर पाठवायची, तान्ही शेजारच्या घरात. ताईला माहीत, आम्हाला माहीत. दर वेळी निभावलं.

त्या दिवशी ती माणसं लवकर आली. ताई दारातून ओरडली, "आले गं, आले! झोळ्या काढा!" माझी नुकती झोपलेली. उचलून शेजारी न्यायला बाहेर पडले असते तर गाडीच्या समोरच आले असते. आणि कोपऱ्यात एक मोठी टोपली मोकळी होती, तिच्या पोटातल्या लहान टोपल्या अजून विणून व्हायच्या होत्या. लावणीच्या वेळी बांधावर आम्ही पोरांना पाटीतच झोपवतो. माझ्या आयने मला तसंच झोपवलं. मला त्यात वेगळं काय वाटलंच नाय. ठेवली, वरून झाकण टेकवलं. बांबूच्या विणीतून वारा येतो, जीव घुसमटत नाय, ते माहीत होतं.

माझी जाऊ बाजूला होती. हसली आणि म्हणली, "झाक बाय, झाक. तुझी लेक चालली विलायतेला."

मी पण हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

एक गोरी मॅडम होती आणि तिचं बोलणं मराठीत सांगणारी एक मुलगी, पुण्याची. त्यांनी आम्हाला समोर आंब्याच्या सावलीत बसवलं. मॅडम चांगली होती, खोटं कशाला बोलू. जमिनीवर बसली, आमच्या बोटांवरच्या चिरा बघितल्या. मग त्या मुलीने विचारलं, "इथं कामावर कोणी मुलं आणतं का?"

आम्ही सगळ्या एकदम म्हणलो, नाय नाय.

आणि तेव्हाच शेडच्या मागं टेम्पोचं गाणं वाजत होतं. मागं घेताना वाजतं ना, ते. टेम्पो दुपारून येणार होता. घाट लवकर उतरायचा म्हणून ड्रायव्हर सकाळीच आला, आणि त्याच्या हमालाने दिसतील त्या टोपल्या भरल्या. उघडं झाकण दिसलं तर सुतळीने आवळलं. त्याला काय माहीत? मी ते गाणं ऐकलं. ऐकलं आणि मान हलवली, नाय म्हणून. माझ्या डोक्यात काय आलंच नाय. मॅडम बोलत होती, मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

मग पान्हा दाटला, पोलकं भिजलं, म्हणून मी पाणी पिण्याचं निमित्त करून आत गेले.

बाकी तुम्हाला सांगितलं.

ताई माझ्या मागून आली. माझं तोंड बघून तिला कळलं. तिने माझा दंड धरला. "गप. गप रहा बाय. माझ्या घरच्यांना मोटारसायकल घेऊन पाठवते. टेम्पो घाटात हळू जातो, गाठतील ते. तू बाहेर जाऊन बस."

"फोन लाव ड्रायव्हरला."

"लावते आहे! रेंज नाय तिथं." तिने परत नंबर दाबला. "ऐक माझं. या बाईला कळलं तर बिल्ला गेला. सगळ्यांचा गेला. फक्त तुझा नाय."

मागच्या दारातून मी तिच्या नवऱ्याला मोटारसायकलला लाथ मारताना बघितलं. चालू होईना. परत लाथ. परत. समोरच्या दारातून आंब्याखाली मॅडमची पांढरी गाडी दिसत होती, आणि तिचा ड्रायव्हर टेकून बसला होता. जाऊ तिथून माझ्याकडं बघत होती. ती आता हसत नव्हती. तिची दोन पोरं नदीवर होती.

मी बाहेर गेले. बसायलाच चालले होते. खरंच बसणार होते. पण पाय मॅडमकडं गेले आणि मी त्या पुण्याच्या मुलीचा हात धरला आणि म्हणले, "माझी पोर टेम्पोत गेली. टोपलीत. तुमची गाडी द्या."

तिने ते मॅडमला सांगितलं. मॅडम उभी राहिली. माझा हात धरून पळायला लागली.

गाडीत थंडगार होतं. काचा बंद. बाहेरचं काय ऐकू येत नव्हतं, आणि मी कान देत होते, जसं काय रस्त्यावरून तिचं रडणं मला ऐकू येणार. समोरून येईल त्या प्रत्येक गाडीला ड्रायव्हर हात करून विचारायचा. मी मनात टोपल्या पाडत होते. वरची टोपली पडते, दरीत जाते. परत वरची पडते.

टेम्पो चहाच्या टपरीवर उभा होता. घाट पुढंच होता. मी मागून चढले आणि सुतळ्या दातांनी तोडायला लागले. टेम्पोवाला हातात पेला घेऊन धावत आला, "ए बाई! माल को हाथ मत लगाओ! पागल है क्या?" मॅडम त्याच्यावर तिच्या भाषेत ओरडली. पहिली उघडली, आत टोपली. दुसरी उघडली, आत टोपली. परत टोपली. सगळी झाकणं सारखी, आमच्याच हातची. मला माझ्याच हातची ओळखू येईना.

मग एका झाकणाखाली ती होती.

जागी होती. रडत नव्हती. विणीतून उन्हाचे कवडसे तिच्या तोंडावर पडले होते आणि ती डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडं बघत होती. रडून रडून थांबली होती, की रडलीच नव्हती, ते मला आजपर्यंत कळलं नाय. मी उचलली तरी रडली नाय. छातीला लावली, ओढायला लागली, तेव्हा मी खाली बसले.

तो हमाल सारखा बोलत होता, "मला जड कुठं लागली? इतर टोपल्यांसारखीच लागली हो, शपथ." खरं बोलत होता. अंगणवाडीच्या काट्यावर माझी पोर नेहमीच कमी भरते. एका लेकराचं वजन, आणि माणसाच्या हाताला लागलं नाय.

आणि तेवढ्यात मोटारसायकल आली. ताईचा नवरा. आमच्या मागोमागच होता. धुरळा बसला नव्हता अजून.

मॅडम रडली. पोरीच्या पायाला हात लावला. पण बिल्ला गेला. पुण्याच्या मुलीने ताईला फोनवर सांगितलं, मॅडमच्या हातात नाय, नियम तिकडं बनतात, मुलांच्या भल्यासाठीच बनतात. दिवाळीनंतर शेड बंद झाली. आमच्यातल्या बाया भिवंडीकडं बांधकामावर गेल्या, आमच्याकडच्या दाभोसा, साखरशेत गावांतल्या माणसांसारख्याच. जाऊ पण गेली, दोन्ही पोरांना घेऊन. तिथं पोरं खडीच्या ढिगावर बसतात, तिथं कोणी मॅडम येत नाय, कोणी विचारत नाय. जाताना ती मला म्हणली, "तुझं बरोबर होतं गं." आणि तोंड फिरवून जीपमध्ये चढली. भांडली असती तर बरं झालं असतं.

एकदा ती पुण्याची मुलगी परत आली होती. म्हणली, तिकडं नियम बदलायचा विचार चालला आहे, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणले, "मूल दिसायला नको म्हणता, मग मूल कुठं ठेवायचं ते पण त्यात घाला." ती हो म्हणली. पुढं काय झालं माहीत नाय.

ताई अजून बोलते माझ्याशी. पण एक गोष्ट ती दर वेळी म्हणते, हळू आवाजात, राग नाय त्यात. "माझ्या घरचे पोचलेच होते ना गं."

पोचले होते. खरं आहे.

आमचं घर कुडाचं. सकाळी कुडाच्या फटीतून ऊन येतं आणि झोपलेल्या पोरीच्या तोंडावर तसेच कवडसे पडतात. मी हातातलं काम टाकून धावते, हात धरून ते ऊन अडवते. सासू म्हणते, खुळी झाली का तू? रस्त्यावर टेम्पोचं ते गाणं वाजलं की मी पोरीला शोधायला लागते, आणि ती माझ्या कडेवरच असते.

मोटारसायकल चालू होत नव्हती हो. लाथ मारत होता तो, आणि ती चालू होत नव्हती, आणि पांढरी गाडी समोर उभी होती. तुम्ही त्या दारात उभ्या असता तर काय केलं असतं?