ओढ्यापलीकडे जाणारी गाडी

माघात, सोमवारी सकाळी, माझे यजमान गेले. दुपारी त्यांना मंद्रूपला नेलं आणि शेतात समाधी दिली. दिवस झाल्यावर मी सोलापूरला परत आले. त्यांची गाडी इमारतीखाली उभी होती.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. स्वतःचं शेत असेल तर शेतातच. सासरेही तिथंच आहेत, लिंबाखाली. तेव्हा त्यात वेगळं काही नव्हतं. अडचण वाटेची होती. गावातून शेताकडे जाणारी वाट आधी बैलगाडीच्या चाकोरीची, मग ओढ्यातून, आणि ओढ्यापलीकडे नुसती दगडांची. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, गावातल्या घरात एकट्या राहतात. गुडघे गेलेले आहेत, मोटारसायकलवर मागे बसता येत नाही. मी दोनदा रिक्षा केली. दोन्ही वेळा रिक्षावाला ओढ्याच्या अलीकडे थांबला आणि पुढे जायला तयार झाला नाही. अव्वा रिक्षात बसूनच पलीकडे बघत राहिल्या. तिथून लिंबाचा शेंडा तेवढा दिसतो. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "नुसता शेंडा दावायला आणू नकोस मला. न्ह्यायचं तर पार तितवर न्हे."

त्यांना तिथवर नेईल अशी गाडी मला हवी होती. एवढीच गरज, आणि ती सांगून कुणालाच पटेना.

यजमानांची गाडी त्या कामाची नव्हती. लांबलचक, जमिनीलगतची, गतिरोधकावरसुद्धा खालून घासायची. यजमान कॉलेजात वाणिज्य शिकवत आणि घसारा हा त्यांचा आवडता धडा होता. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या भिंतीपलीकडून मी तो धडा कितीतरी वेळा ऐकला आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षी धाडकन उतरते, नंतर हळू उतरते. दरवर्षी उरलेल्यातला हिस्सा वजा होत जातो, म्हणून ती शून्याजवळ जाते पण शून्य होत नाही. धडा त्यांनी घरीही पाळला. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी शेवटपर्यंत काढू दिलं नाही. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटायचं, उठताना चर्र आवाज यायचा. अव्वा सोलापूरला आल्या की त्याही त्यावरच बसायच्या. गाडीत शेंगा खायच्या नाहीत, पिशवी मांडीवर घ्यायची. मंद्रूपला आम्ही एसटीने जायचो, कारण गावातल्या धुळीनं आणि दगडांनी गाडी उतरते. अव्वांनी ज्वारीचं पोतं बांधून ठेवलं की ते एसटीच्या टपावरून यायचं आणि आमची गाडी इकडे आच्छादनाखाली थंड उभी असायची. "विकताना कळेल तुला," ते म्हणत.

विकताना कळलं ते असं.

गाडी त्यांच्या नावावर होती. ती माझ्या नावावर केल्याशिवाय विकता येणार नव्हती. ते मी रीतसर करून घेतलं. मग धाकटे दीर आणि मी ती विजापूर रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर घेऊन गेलो. दिरांचा मार्केट यार्डात आडतीचा धंदा आहे. भाव हा त्यांचा श्वास आहे. अड्डेवाल्यानं गाडीभोवती फेरी मारली, दारं उघडून लावून आवाज ऐकला, साहेबांनी गाडी फुलासारखी ठेवलीय म्हणाला. मग कागद पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"सेकंड ओनर हाय की ही, मॅडम."

"दुसरी मालक मीच आहे," मी म्हणाले. "पहिले माझे यजमान होते. ते गेले. गाडी कुणाला विकलेली नाही."

"ते खरं हाय. पण गिऱ्हाईक कागद बघतंय. कागदावर कारण लिवलेलं नसतं."

त्यानं सांगितलेला भाव ऐकून दीर तावातावाने भांडले. मी बाकावर बसून राहिले. इतकी वर्षं शेंगा न खाता, पोती एसटीला लावून जे वाचवलं, ते एका नावानं गेलं होतं. माणूस गेला हे बाजाराच्या लेखी गाडी एकदा विकली गेल्यासारखंच आहे. मला राग अड्डेवाल्याचा आला नाही. राग आला तो त्या धड्याचा. आणि तो ज्यांच्यावर काढावा ते लिंबाखाली होते.

सौदा ठरल्यावर एका माणसानं आत हात घालून सीटवरचं प्लास्टिक एका ओढीत काढलं. गिऱ्हाइकाला सीट दिसायला हवी ना, असं अड्डेवाला म्हणाला. खालचं कापड फिकट बिस्किटी होतं. इतकी वर्षं मी त्या सीटवर बसत होते आणि तो रंग मी पहिल्यांदा पाहिला. क्षणभर आत बसून बघावं असं वाटलं, पण तोवर त्यानं काचा वर करून दार लावलं होतं.

त्यानंतरचे रविवार गाड्या बघण्यात गेले. मी म्हणायचे, उंच गाडी हवी, दगडांवर चालणारी. दीर म्हणायचे, तीन-चार वर्षांची घ्या. मोठी उतरण पहिल्या मालकानं सोसलेली असते आणि पुढची आपल्या हातात असते. हिशोब बरोबरच होता, पण प्रत्येक गाडीपाशी ते थांबायचे ते ती पुढे कितीला जाईल याच्यापाशी. ही पांढरी आहे, लगेच खपेल. ही तांबडी, हिला गिऱ्हाईक कमी. अजून घेतलेली नसलेली गाडी आम्ही दर रविवारी विकत होतो. मी सांगायचा प्रयत्न केला की मला विकायचीच नाही. ते समजुतीनं हसले. "असं घेताना सगळेच म्हणतात, वहिनी. घेतानाच विकायचा विचार करायचा असतो."

एका चकचकीत छोट्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ते म्हणाले, "ही डोळे झाकून घ्या. ह्या गाडीला मरण नाही." मग उगीचच टायर बघत बसले. मी खाली वाकून गाडीचं पोट पाहिलं. ओढ्यातल्या पहिल्याच दगडाला ते टेकलं असतं.

मला मिळाली ती करकंबच्या एका गुऱ्हाळवाल्याची, उंच, चौकोनी, जीपच्या जातीची. कंपनीनं ते मॉडेल बंद केलेलं, म्हणून भाव पडलेला. डाव्या दारावर पोचा, मागच्या बाजूला गुळाचा वास. कागदावर माझ्याआधी तीन नावं होती. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं इंजिन चांगलं आहे, क्लच फार दिवस टिकणार नाही असं सांगितलं. मी हो म्हणाले.

दीर माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, ही परत कोण घेणार?"

"कुणीही नाही."

"मग?"

"म्हणून तर घेतेय, भावजी. हिचं उतरायचं तेवढं उतरून झालंय. आता ओढा हिचं काय नेणार आहे?"

बरं झालं दादा हे ऐकायला नाही, एवढंच ते म्हणाले. ते मलाही मान्य होतं.

मी शहाणपणाचं काही केलं असं म्हणत नाही. महिन्याच्या आत क्लच गेला. काही सुटे भाग जुन्या बाजारात हिंडून शोधावे लागले, आणि दिरांनी "सांगितलं होतं" हे दोन शब्द फोनवर, घरी आणि एका लग्नाच्या पंगतीतही ऐकवले. गिअर टाकताना माझा खांदा अजून दुखतो. पण क्लच बदलल्यावर एका रविवारी मी मंद्रूपला गेले, अव्वांना शेजारणीच्या मदतीनं पुढच्या सीटवर चढवलं आणि गाडी शेताच्या वाटेला लावली. ओढ्यात एक दगड खालून लागला. मोठा आवाज झाला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि मग मी तो काढला.

अव्वा वाटभर हातानं सीट चाचपत होत्या. पलीकडे चढ चढून गाडी लिंबाखाली थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यावरचं पिलास्टिक कुटं हाय?"

"काढलेलं होतं, अव्वा. जुनी गाडी आहे."

"घाल की मग नवं. खराब हुतंय." मग म्हणाल्या, "त्यानं असं उघडं ठिवू दिलं नसतं."

मी त्यांना उतरवलं. समाधीपाशी त्यांना बसायला पोतं अंथरलं आणि त्या बसल्या.

यजमानांची गाडी आता कुणाकडे आहे, मला माहीत नाही. ही इमारतीखाली उभी असते, सीटवर काही घातलेलं नाही. दर रविवारी मी अव्वांना घेऊन शेतात जाते.