गोदूचा बूट आणि माझा हात

गेल्या रविवारी आमच्या वाघोलीच्या सोसायटीत, क्लबहाऊसमध्ये, लहान मुलांसाठी पुस्तकवाचन होतं. जेवताना नखरे करणाऱ्या मुलांची गमतीदार चित्रपुस्तकं... ग्रुपवर मेसेज पडला आणि पहिलं नाव मी दिलं!

कारण आमची स्वरा. वय वर्षं चार, आहार दहीभात. ताटात हिरवं काही दिसलं की ओठ जे मिटतात ते भाजी फ्रीजमध्ये जाईपर्यंत उघडत नाहीत.

मी मूळची यवतमाळची. आमच्या घरी नियम सोपा होता... ताटात पडेल ते खायचं, नाहीतर पाठीत पडेल ते. त्यामुळे आम्ही भावंडं कारल्यापासून शेपूपर्यंत सगळं खातो, आणि आपल्या मुलीने का खाऊ नये ते मला कळतच नाही.

तर माझा प्लॅन असा, की पुस्तक ऐकून स्वराला स्फूर्ती येणार. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी म्हणून मी पर्समध्ये भेंडीची भाजी आणि पोळीचा डबासुद्धा टाकला होता.

वाचणार होत्या बी विंगमधल्या लेले आजी. रिटायर्ड शिक्षिका. लिफ्टमध्ये भेटल्या की नमस्काराऐवजी "मुलीच्या बुटाची लेस सुटली आहे" असं सांगणाऱ्या... मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

पुस्तकातली गोदू भाजी खात नाही, लपवते. पालक आजोबांच्या चष्म्याच्या घरात, भोपळा बाबांच्या बुटात. रोज भोपळा खाऊन तो बूट इतका धष्टपुष्ट होतो की एक दिवस बाबांना मागे टाकून एकटाच ऑफिसला निघतो. चित्रात बूट बसमध्ये खिडकीपाशी ऐटीत बसलेला!

मुलं हसून हसून लोळत होती. स्फूर्ती कुणालाच येत नव्हती, उलट भाजी कुठेकुठे लपवता येते याचं मोफत ट्रेनिंग चाललं होतं. मी पर्समधला डबा आणखी खाली ढकलला.

मग गोदू पकडली जाते. आईच्या हातात बूट, गोदू पलंगाखाली. आजी पान उलटणार एवढ्यात आमची स्वरा उभी राहिली.

"मग आईने तिला फटका दिला?" आणि स्वतःच्या मांडीवर हात ठेवून, "इथे?"

क्लबहाऊसमध्ये पंधरा-वीस आईबाबा होते. एकानेही माझ्याकडे वळून बघितलं नाही... म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी समजलं.

खरं तेच सांगते. त्याच्या आधीच्या गुरुवारी माझा ऑफिसचा कॉल सुरू होणार होता, स्वराने तोंडातला घास टेबलावर थुंकला आणि माझा हात उठला. तो पहिल्यांदा उठला असंही नाही. पाच मिनिटांनी ती खेळायला लागायची, म्हणून मी समजून चालले होते की ती विसरते.

लेले आजींनी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. आता चारचौघांत माझी शाळा घेणार, असं वाटून मी खाली बघत बसले.

"नाही गं," त्या स्वराला म्हणाल्या. "गोदूच्या आईने नाही मारलं. मी मात्र मारायचे माझ्या मुलाला, पडवळ खावं म्हणून. एकदा तर दाराबाहेर उभं केलं होतं. आता तो बावन्न वर्षांचा आहे, अजून पडवळ खात नाही."

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. "चूक माझी होती," त्या म्हणाल्या, "पण त्याला तसं सांगायला मला फार वर्षं लागली."

मग मागून एक बाबा म्हणाले, "आमच्याकडे लाटणं असायचं." माझ्या शेजारी बसलेली एक आई हळूच म्हणाली की ती कधीकधी नाक दाबून भरवते... दहा मिनिटं मोठी माणसंच बोलत राहिली आणि मुलं कंटाळून हातात बूट घालून पळापळी खेळायला लागली. माझ्या छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं.

निघताना आजींनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. "आठवडाभर राहू द्या तुमच्याकडे. भाजी खाऊ घालायला नव्हे, दोघींनी हसायला. आणि पर्समधला तो डबा तुम्हीच संपवा, अहो, वास येतोय."

घरी आल्यावर स्वराला दहीभात दिला. ती खात होती, केस तोंडावर येत होते, ते मागे सारायला मी हात पुढे केला... आणि ती दचकली. मान खांद्यांत ओढून घेतली. एवढुशा जिवाला माझ्या हाताची भीती वाटते हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि मला रडू आवरेना.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सॉरी म्हटलं. मी मारलं ते माझं चुकलं, तुझं नाही, असं सांगितलं. तिने भाताने बरबटलेला हात माझ्या गालाला लावला.

"परत नको मारू हं."

"नाही मारणार."

तिने जरा विचार केला. "भेंडी पण नको करू."

मी दोन्ही कबूल केलं. भेंडीचं काही नाही, ती मी ऑफिसच्या डब्यात नेईन. पण राग अंगात लहानपणापासून मुरलाय, तो एका रविवारात जाणार नाही हे मला माहीत आहे... म्हणून लाज बाजूला ठेवून हे इथे, ओळखीचे सगळे वाचतील असं लिहितेय. लेले आजी, तुम्ही त्या दिवशी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत, तुमचे आभार कसे मानू? आणि बाकीच्यांनो, मी लिफ्टमध्ये, ऑफिसात, कुठेही भेटले की स्वरा जेवते का ते विचारू नका. माझा हात उठला का, ते विचारा.