लानवेनूच्या दारावरून

गुल्वेन केरमारेक नऊ वर्षं पोटासाठी सायकल हाणत होता, आणि नऊ वर्षांत एकही शर्यत त्याने जिंकली नव्हती. तो संघाचा पाणक्या होता. मागे मोटारीपर्यंत जायचं, जर्सीत पुढून-मागून बाटल्या कोंबायच्या, पुन्हा सायकलस्वारांचा घोळका गाठायचा, आणि उरलेला वेळ कप्तानाला वारा लागू नये म्हणून त्याच्यापुढे मान खाली घालून रेटत राहायचं. पेपरात त्याचं नाव यायचं ते बारीक टायपात, एकशे चौथं नाहीतर एकशे नववं. त्याच्या ब्रिटनी प्रांतात शेंबडं पोरसुद्धा सायकलीवर बोलतं, तिथे पाणक्याची किंमत सगळ्यांना कळते. पण किंमत कळणं वेगळं आणि आपला माणूस सगळ्यांच्या पुढे बघणं वेगळं.

गुल्वेनला जिंकायची हाव नव्हती. त्याला एकच ओढ होती, आणि ती कुठल्याही हॉटेलातल्या कुठल्याही पलंगावर त्याला सोडत नसे. आपण सायकलवर असताना आईने एकदा तरी बघावं. म्हातारीचे गुडघे गेलेले, त्यामुळे लानवेनू गावाबाहेर तिचं पाऊल पडत नव्हतं, आणि शर्यती सगळ्या बेल्जियममध्ये नाहीतर आल्प्समध्ये. आता डोळ्यांतही उजेड आणि रंग एवढंच उरलं होतं. पुढच्या वर्षी तेही राहील याची खात्री नव्हती.

त्या जुलैत देशभर फिरणाऱ्या टूर शर्यतीचा रस्ता लानवेनूतून, थेट तिच्या दारावरून जाणार होता.

घोळक्याचा एक जुना रिवाज आहे. ज्याचं गाव वाटेत येतं, त्याला गावाआधी चार-पाच किलोमीटर पुढे सोडतात. त्याने एकट्याने जायचं, घरच्यांचे मुके घ्यायचे, आणि घोळका आला की गुपचूप आत शिरायचं. तेवढ्या वेळात कोणी हल्ला करत नाही, म्हणजे मुसंडी मारून पुढे पळत नाही. मात्र परवानगी मागावी लागते. गुल्वेनने सकाळपासून साऱ्या जुन्या खोडांपाशी सायकल नेऊन ती मागितली, आणि शेवटी आपल्या कप्तानाला, माझूरला विचारलं.

"जा की," माझूर म्हणाला. "पण थांबशील ना नक्की? नाहीतर संधी साधून पॅरिसला पोचायचास."

"मला चढावर बघितलंयस ना?"

"बघितलंय. म्हणूनच निर्धास्त सोडतोय."

आदल्या दिवशीच त्याने घरी फोन केला होता. "आई, हिरवी जर्सी. एकटाच येईन, सगळ्यांच्या पुढे. दारात खुर्ची टाकून बस."

"ही पहाटेपासून बसेल बघ," मागून बहीण मैवेन ओरडली होती. "काळ्या गव्हाची धिरडी करायला सांगतेय. म्हणे, येताजाता एक खाईल."

गावाला पाच किलोमीटर उरले तेव्हा गुल्वेन घोळक्यातून सुटला. पन्नासेक पावलं पुढे गेला असेल, तोच मागून ओरड ऐकू आली. माझूरचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं आणि संघाची मोटार कुठेतरी मागे अडकली होती. गुल्वेनने ऐकलं नसतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्या दिवशी त्याला मोकळीक होती. पण नऊ वर्षांची खोड जाते कुठे? तो वळला, आपलं चाक काढून माझूरला दिलं, त्याला ढकलून वाटेला लावलं, आणि बसलेलं चाक हातात धरून गवतात उभा राहिला.

त्या गडबडीत त्यांच्याच संघाचा ओक्ताव्ह नावाचा एक गडी पुढे सटकला. त्याचीही जर्सी हिरवीच. घोळक्याला वाटलं, निघाला गुल्वेन आईला भेटायला. कोणी जागचं हललं नाही. असल्या संधीसाधूला शिवी घालावी तेवढी थोडीच, पण शर्यतीत शिव्या घालायला कोणाला सवड असते.

मोटार आली, चाक मिळालं, आणि गुल्वेन एकटा, सगळ्यांच्या मागे, लानवेनूत शिरला. रस्त्यावर चुन्याने त्याचं नाव फराटलेलं होतं. माणूस एकही नव्हता. चौकातल्या गुत्त्यातून मात्र गाण्यांचा कल्लोळ येत होता. घराचं दार उघडं होतं आणि दारात खुर्ची नव्हती.

त्याने ब्रेक दाबला. एक पाय खाली टेकला. "आई," त्याने हाक मारली. आतून काही आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मागून मोटारीतला मॅनेजर तो थांबल्यापासून खेकसत होता, "माझूर एकटा पडलाय, गुल्वेन. कोणी नाही त्याच्याजवळ. चल."

तो निघाला. दहा किलोमीटर त्याला रस्ता नीट दिसला नाही.

संध्याकाळी हॉटेलातल्या फोनवर आधी मैवेन आली. "काय सुटलास रे! अख्खा गाव गुत्त्यात नाचतोय. पण मेल्या, थांबला का नाहीस?" तो काही बोलायच्या आत तिने आईच्या हातात फोन दिला. पलीकडे दार लागल्याचा आवाज आला.

"गेली ती बाहेर," आई म्हणाली. "आता सांग, तो पहिला कोण होता?"

"ओक्ताव्ह. तुला कसं कळलं?"

"त्याने ब्रेक दाबला नाही."

"मग तू आत का गेलीस, आई?"

"मैवेन माझ्या गळ्यात पडून रडत होती. म्हणे, आपला गुल पहिला. तिला काय सांगू? खुर्ची उचलून तिने मला आत नेलं, गेले मी. ती नाचायला गेली आणि मी कान देऊन बसले. तू मागून येणार हे मला ठाऊक होतं."

"म्हणजे मी हाक मारली ती—"

"दोनदा मारलीस."

"मग ओ का नाही दिलीस?"

"दिली असती तर तू आत आला असतास," आई म्हणाली. "आणि बाहेर तो माणूस ओरडत होता, तुझा कप्तान एकटा पडलाय म्हणून."