त्यांचं हाय, आमचं हाय

तो वाकायचा. आपण देवळात वाकतो तसा नव्हे. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, पाठ ताठ ठेवून, कमरेत घडी घातल्यासारखा. अकोल्याच्या कापूस बाजारात पहिल्यांदा माझ्यासमोर असा वाकला तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी पडलं. म्हणून मीही खाली पाहायला वाकलो. नेमका त्याच वेळी तो वर आला. आमची डोकी अशी आदळली की त्याची काळ्या गोंड्याची लाल तुर्की टोपी उडून बैलाच्या पायाशी पडली.

"काय हरवलं बे तुझं?" मी कपाळ चोळत ओरडलो.

"काई नाई, सेठ. सलाम करून राहिलो. जपानी सलाम हाय हा."

"मंग जपान्याले कर ना! मले कावून?"

"त्याईलेच करनार हाय. तुमच्यावर सराव केला."

टोपी झटकून डोक्यावर ठेवताना तो इतका खूश दिसत होता की शिवी माझ्या तोंडातच राहिली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर चिडायला आपण तयार होऊन जातो आणि ती आधीच हसलेली असतात.

त्याच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहायला बसलो आहे खरा, पण आधीच सांगून ठेवतो, माझं त्याच्याशी एक भांडण आहे. ते मिटलेलं नाही.

तो बार्शीटाकळीच्या रंगाऱ्याचा मुलगा. अमरावतीला राहून मॅट्रिक झाला होता आणि अकोल्यात एका जपानी कंपनीच्या आवारात कापसाच्या गाड्या उतरवून घेण्याच्या कामावर होता. नोकरी कंपनीची, पण नखं बापाच्या कारखान्याची. कधी निळी, कधी लाल. सुटीच्या दिवशी घरी जाऊन पागोटी आणि लुगडी रंगवून यायचा. एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यातून जात नसे.

"सेठ, आपला कापूस इथून पांढरा जाते अन् तिकडून रंगीत कापड होऊन येते. ते कापड धुतलं तं रंग जात नाई. अब्बाचं पागोटं पयल्या पान्यात अर्धं होते. असं कावून?"

"मले काय इचारतो? मी काय रंगारी हाय?"

"म्हनूनच तिकडं जाऊन इचारतो ना."

जपानात रंगकामाची शाळा आहे असं त्याला कंपनीच्या धाकट्या साहेबाने सांगितलं होतं. तेव्हापासून त्याने जपानी शिकायला घेतली. पुस्तक नाही, मास्तर नाही. संध्याकाळी जिनिंग कारखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली तो आणि साहेब बाकावर बसायचे. हा साहेबाला एक वऱ्हाडी शब्द द्यायचा, साहेब याला एक जपानी. माझा जन्म सौद्यात गेला, पण इतका चोख सौदा मी पाहिला नाही. दोघांनाही वाटायचं आपणच फायद्यात आहोत.

काही नवीन कळलं की तो धावत माझ्या पेढीवर यायचा. "सेठ, कापसाले ते 'वाता' म्हनतात. आपली वात! अन् बोलनं संपलं का शेवटी 'ने' लावतात. 'ऊन हाय ना', तसं. अन् 'मले' म्हनाचं तं 'मी' म्हनून मागून शेपूट लावतात, आपल्यासारखं. इंग्रजीवानी उलटं नाई. अमरावतीच्या मास्तरानं इंग्रजी शिकोतानी आमच्या पाठी सोलल्या, अन् ही भाषा तं घरचीच निंगाली!"

साहेबाची प्रगतीही जोरात होती. एकदा सौदा चालू असताना मी माझ्या भागीदाराला हळूच म्हणालो, "घाई नको करू, हा बुटका भावात अजून चढते." साहेब माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "नाई चढत मी." त्या दिवसापासून माझ्या पोटातली गोष्ट बाजारात पोटातच राहायला लागली. हे कोणाचे उपकार? याचेच. पण माझं भांडण त्यावरून नाही.

भांडण झालं ते 'हाय'वरून.

आमच्याकडे भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमाल टाकायचा, रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून बोलायचं. त्या दिवशी माझ्या भरवशावर पातूरकडच्या गाड्यांची रांग उभी होती. मी रुमालाखाली साहेबाची बोटं दाबली. तो मान हलवून म्हणाला, "हाय, हाय."

आता तुम्हीच सांगा, वऱ्हाडात माणूस 'हाय' म्हणाला की काय समजायचं? मी समजलो, भाव मंजूर हाय. गाड्या वजनकाट्याकडे वळवल्या, दोर सोडायला लावले. तेवढ्यात साहेबाने हात वर करून काटा थांबवला. भाव पटलेलाच नव्हता! तोवर दुसरे खरेदीदार पांगले होते. तो माल मला पडेल भावाने द्यावा लागला आणि गाडीवाल्यांची बोलणी ऐकावी लागली ती वेगळी.

मी भडकलो. हा तिथेच, काट्याजवळ उभा होता.

"तो हाय म्हनला का नाई?"

"म्हनले ना, सेठ. पन ते त्याईचं हाय. त्याईचं हाय म्हंजे 'आयकून राहिलो'."

"अन् पटलं तं काय म्हनतात?"

"तवाबी हाय."

"अन् नाई पटलं तं?"

त्याने थोडा विचार केला. "तवा बोलत नाई. दातातून हवा आत वढतात. अशी." आणि त्याने सुस्स करून दाखवलं.

"हे तुले माहीत होतं, मंग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

तो ओशाळला, पण डोळे चमकतच होते. "सेठ, साहेब सोताशीच जपानीत पुटपुटले, अन् मले ते सारं समजलं! पयल्यांदाच! त्या खुशीत तुमच्याकडं ध्यानच राहिलं नाई."

माझा सौदा बुडत होता आणि हा आनंदात होता.

मी कंपनीच्या मोठ्या साहेबाकडेच दाद मागायचं ठरवलं. तो मुंबईहून अमरावतीला जाणार होता आणि बडनेऱ्याला गाडी बदलताना थोडा वेळ थांबणार होता. त्याच थांब्यावर याचीही परीक्षा होती. कंपनी एका मुलाला जपानच्या शाळेत पाठवणार होती आणि धाकट्या साहेबाने याचं नाव सुचवलं होतं. बोलता आलं तर जायचं. नाही आलं तर मोठा साहेब पुढल्या हंगामाशिवाय येणार नव्हता, आणि तितकं थांबायला याचे अब्बा तयार नव्हते. "यंदा झालं तं झालं, नाईतं रंगाच्या मडक्याशी येऊन बस," असं त्यांनी बजावलं होतं.

मी त्याला म्हणालो, "तिथं आधी माझी तक्रार सांगशीन. मंग तुझी परीक्षा."

"सेठ, येळ थोडा हाय."

"तुझ्यापाईच नुकसान झालं माझं."

तो वाकला. टोपी पडली.

अकोला ते बडनेरा तो डोळे मिटून पुटपुटत होता. समोर सीताफळांची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीला वाटलं, याला ताप चढला आहे. तिने सरकून त्याला आडवं व्हायला जागा करून दिली आणि एक पिकलं सीताफळ हातावर ठेवलं. त्याने ते खाल्लं आणि बिया थुंकता थुंकता धडा चालू ठेवला.

बडनेऱ्याला मोठा साहेब उतरला. करड्या केसांचा, काठीसारखा सरळ. हा पुढे झाला, छान वाकला, टोपी हाताने धरून. आणि उठला तो कोरा. ओठ हलेनात. आमच्यासोबत आलेला धाकटा साहेब हळूच एक शब्द पुरवत होता, पण याच्या कानात काही शिरत नव्हतं. मोठ्या साहेबाने वाट पाहिली आणि दातातून हवा आत ओढली. सुस्स.

त्या आवाजाने माझं टाळकं फिरलं. "अहो साहेब!" मी मधे घुसलो. "तुमच्या मानसानं भरबाजारात हाय म्हनून माझ्या गाड्या उभ्या ठेवल्या! हाय म्हंजे हाय असते का नाई?" आणि याच्या पाठीत गुद्दा घातला. "सांग त्याले, बे!"

अन् तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग भरभर. माझ्यासारखे हात उडवत, माझ्यासारखा आवाज चढवत. मला त्यातलं 'वाता' कळलं, 'हाय' कळलं आणि अधूनमधून 'ने'. रुमालाखालची बोटंही त्याने करून दाखवली. बोलता बोलता तो स्वतःची नखं दाखवायला लागला, तेव्हा मला कळलं की माझी तक्रार संपून त्याचा रंग सुरू झाला आहे. मोठा साहेब "हाय, हाय" करत ऐकत होता. मग तो हसला. चष्मा काढून डोळे पुसण्याइतका हसला.

धाकटा साहेब माझ्याजवळ आला. "पोट्टा पास हाय," तो म्हणाला.

मी त्याची बाही धरली. "थांबा. हे हाय कोनतं? तुमचं का आमचं?"

"तुमचं," साहेब म्हणाला.

माझ्या तक्रारीचं काय झालं म्हणता? काही झालं नाही. अमरावतीची गाडी आली, मोठा साहेब बसून निघून गेला. भांडण माझं आणि जपानला गेला तो.

तो निघाला त्या दिवशी अकोल्याच्या स्टेशनावर अर्धी बार्शीटाकळी लोटली होती. अब्बांनी नवा लाल रुमाल रंगवून त्याच्या गळ्यात बांधला होता आणि घामाने त्याची मान आत्ताच लाल झाली होती. मी लांब, खांबाशी उभा होतो. गाडी हलली तसा तो दारात आला.

"सेठ! राग हाय का अजून?"

"हाय!" मी ओरडलो.

"त्याईचं का आपलं?"

मी उत्तर देणार तोच तो दारात कमरेतून वाकला. वाऱ्याने टोपी उडाली आणि फलाटावर गडगडत माझ्या पायाशी आली. मी ती उचलायला वाकलो. वर पाहिलं तर दूर गेलेल्या गाडीतून तो आनंदाने परत वाकत होता, पुन्हा पुन्हा. त्याला वाटलं, मी सलाम केला.

टोपी पेढीवर खुंटीला आहे. येईल तेव्हा घेऊन जाईल. तेव्हा मला त्याला स्पष्ट सांगायचं आहे की मी फक्त टोपी उचलत होतो.